ऑल-व्हील-ड्राइव्ह घेताय? आधी यवतेश्वर घाट चढून बघा

मारुतीच्या ग्रँड व्हिटारा एसयूव्हीच्या ऑलग्रिपला, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या (ऑल-व्हील-ड्राइव्ह) मॉडेलला, आता ६ गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो. साताऱ्यात टेस्ट ड्राइव्ह घ्याल तर पोवई नाक्यावर चक्कर मारून परतू नका. घरची पाच माणसं बसवा, एसी लावा आणि यवतेश्वर घाट चढा. इंजिनाचा दम तिथेच कळतो. उतरताना स्टीअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पॅडलने दुसरा गिअर धरा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. कासकडच्या चिखलात गाडी रुतली तर ऑलग्रिपचा ‘लॉक’ मोड लावा, डांबरावर आलात की पुन्हा ‘ऑटो’ मोड. आणि हे मनापासून सांगतो: चारही चाकांना ताकद मिळाली तरी ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर कमी होत नाही. ते टायरवर असतं. पावसाळ्याआधी टायरची नक्षी तपासाच.