पहिल्या महायुद्धाचं पोस्टर वर्गात वाचायचं असेल तर

आधी फळ्यावर तारीख लिहा: जानेवारी १९१६. ब्रिटनने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला तो तेव्हा. आधी १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष त्यात आले, मे महिन्यात विवाहितही. मग पोस्टरं द्या आणि विचारा, हे या तारखेच्या आधीचं की नंतरचं?

मी देवळाली कॅम्पला नववीला इतिहास शिकवते. लॅम रोडवर रंगीत प्रिंट काढून घेते, मोठ्या, ए-थ्री. छोट्या चित्रात पोरं चेहरा बघतात आणि मोकळी होतात. पोस्टरवर साल छापलेलं असेल तर त्यावर कागद चिकटवा.

पहिलं ब्रिटनचे युद्धमंत्री किचनर यांचं. अल्फ्रेड लीटने सप्टेंबर १९१४ मध्ये एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेलं, बोट रोखलेलं. यावर फार वेळ घालवू नका, मुलांनी ते कुठेतरी पाहिलेलं असतंच.

वेळ द्यायचा तो १९१५ च्या पोस्टरला. खुर्चीत बाप, मांडीवर मुलगी, खाली मुलगा खेळण्यातले शिपाई मांडतोय. मुलगी विचारते, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? बापाची नजर आपल्याकडे. इथे उत्तर सांगून टाकू नका. ‘युद्ध तर अजून चालू आहे ना?’ एवढंच विचारा. मग कोणीतरी पकडतं की चित्र युद्ध संपल्यानंतरचं आहे. जिंकलं हे धरूनच चाललंय, घर शाबूत, पोरं सुखरूप. खंदक नाही, शत्रू नाही. बापाला घराबाहेर काढायला फक्त लाज वापरलीय. कायदा हातात नव्हता, म्हणून ही विनवणी आणि हे टोमणे.

कायदा झाल्यावर बोलावणं टपालाने येऊ लागलं. मग पोस्टरं युद्धकर्ज मागू लागली, पाव जपून खा म्हणू लागली. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून साधारण १६,००० जणांनी शस्त्र धरायला नकार दिला, तेही इथेच सांगा.

आता भारत. भारतीयांवर कायद्याने सक्ती नव्हती, तरी दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. एका उर्दू पोस्टरवर वर्दी, बंदूक आणि पैसे दाखवलेत आणि विचारलंय, हे कोण घेणार? जो फौजेत भरती होईल तो. ब्रिटिश बापाला लाज, आपल्या माणसाला पगार! दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी लावा. भारतात सक्ती आली ती १९१७ मध्ये, आणि तीही इथे राहणाऱ्या गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनांवर. मुलांचा यावर पटकन विश्वास बसत नाही.

आमच्याकडे तोफखान्यातल्या जवानांची मुलं वर्गात असतात. म्हणून मी सुरुवातीलाच ठरवून देते: प्रश्न चित्र काढणाऱ्याला आणि काढवून घेणाऱ्या सरकारला विचारायचे, भरती झालेल्या माणसाला नाही. हे आधी सांगितलं नाही तर एखादं पोर वडिलांची बाजू घेऊन भांडायला उठतं, आणि त्याचं चुकतही नाही.

जोडतास घ्या, एका तासात उरकत नाही. शेवटी मजकूर झाकलेलं एक चित्र देऊन दोन मराठी ओळी लिहून घ्या, एक १९१५ ची, एक १९१७ ची. गुण देऊ नका. दिलेत की सगळे गाइडमधलं लिहितात.