म्हशींवर आळ घेण्याआधी

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीला माझा प्रकल्प पंचगंगेवर होता. एका सकाळी कोल्हापुरात घाटाजवळ नमुना घेतला, तेव्हा शेजारीच म्हशी धुवायचं काम चाललं होतं. ई. कोलाय हे विष्ठेतले जिवाणू भरमसाट निघाले आणि मी वहीत 'जनावरांचं शेण' असा शेरा मारून मोकळी झाले. मॅडमनी एवढंच विचारलं, "गाळ ढवळला होता का गं?"

ढवळला होता. ई. कोलाय तळाच्या गाळात बराच काळ तग धरतात, उबदार हवामानात तिथे वाढूही शकतात. म्हशी पाण्यात उतरल्या की गाळात बसलेलं जुनं सांडपाणीही वर येतं. शिवाय हा जिवाणू माणसाच्या आतड्यात असतो तसा म्हशीच्या, कुत्र्याच्या, कोंबडीच्याही. एमपीएनच्या (१०० मिलिलिटरमागे अंदाजे किती जिवाणू) आकड्यावरून विष्ठा कोणाची हे कळत नाही. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतल्या जिवाणूंचा गट, ई. कोलाय त्यातलेच) ५०० पर्यंत असावेत, फार तर २५००. त्यापुढे गेल्यावर नाला अडवायचा की गोठा हलवायचा, हे ठरवायला मूळ शोधावंच लागतं. माणसाची विष्ठा असेल तर माणसाचे रोग येतात. २०१२ ची इचलकरंजीची काविळीची साथ आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही.

त्यासाठी बॅक्टेरॉइडिस हे आतड्यातले दुसरे जिवाणू बघतात. त्यांना ऑक्सिजन मानवत नाही, त्यामुळे नदीत ते सहसा वाढत नाहीत, आणि त्यांचे काही प्रकार ठरावीक प्राण्यातच जास्त आढळतात. माणसासाठी एचएफ१८३ हा मार्कर, म्हणजे त्यांच्या डीएनएतली खूण, क्यूपीसीआरवर (डीएनए मोजायच्या चाचणीवर) लावतात. पण परदेशात तपासलेला मार्कर इथे तसाच चालेल असं धरू नका. आधी आपल्याच भागातलं शेण, कुत्र्या-कोंबड्यांची विष्ठा आणि सांडपाणी गोळा करून तो कशाकशाला पॉझिटिव्ह येतो ते बघा. नवी मुलं हीच पायरी गाळतात. ती गाळलेल्या निकालावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

जुन्या पुस्तकांत फीकल कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकोकाय (विष्ठेतलेच आणखी एक जिवाणू) यांचं गुणोत्तर सापडेल : ४ च्या वर माणूस, ०.७ च्या खाली जनावर. त्यावर विसंबू नका. दोन्ही जिवाणू वेगवेगळ्या वेगाने मरतात, त्यामुळे गुणोत्तर वाटेतच बदलतं.

नमुना बर्फात ठेवा, सहा तासांत तपासणीला लावा. क्लोरिन टाकलेलं पाणी असेल तर बाटलीत हायपो (क्लोरिन मारणारं सोडियम थायोसल्फेट) हवाच, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो.

पुढच्या खेपेला मी म्हशीवाल्या मामांना त्यांची वेळ विचारली आणि त्याआधी, पहाटेच घाटावर गेले. नाला मिळतो त्याच्या वर एक बाटली, खाली एक, आणि गाळ वेगळा. म्हशी अजून आल्याही नव्हत्या, तरी खालचा आकडा मर्यादेच्या वरच निघाला. वहीतला शेरा मी खोडला.