कड्याचा पायथा एका जिल्ह्यात, माथा दुसऱ्यात: सह्याद्रीत चढाईची परवानगी कशी काढावी

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा पायथा बेलपाड्याकडे, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात. माथा अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यात, तोही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. म्हणजे खालून सुरू केलेली चढाई संपते दुसऱ्याच कार्यालयाच्या हद्दीत. लिंगाण्यालाही हाच घोळ: मोहरीहून निघालात तर पुणे जिल्हा, सुळका मात्र रायगड जिल्ह्यात. परवानगी असूनही चमू परत पाठवला जातो तो बहुतेक वेळा हातात एकाच बाजूचा कागद असल्यामुळे.

म्हणून आधी हद्द शोधा. नकाशावर जिल्ह्याची सीमा दिसते, पण जमीन राखीव वन, अभयारण्य की खाजगी हे तिथल्या वनरक्षकाला विचारावं. खाजगी असेल तर सातबाऱ्यावरून मालक कळतो; त्याचा होकार लेखी घ्या. पायथ्याच्या गावात सरपंच आणि पोलीस पाटील यांना तारीख सांगून ठेवा. अपघात झाला तर दोर आणि माणसं घेऊन पहिलं तेच गाव वर येणार असतं.

अभयारण्यात जायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. त्या कलमात वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशी कारणं दिली आहेत. प्रस्तरारोहणाचा उल्लेखच नाही. त्यामुळे नाक्यावरची प्रवेशपावती म्हणजे चढाईची परवानगी असं धरून चालू नका. पाठीवर दोर आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) दिसले की तिथला कर्मचारी अडवतो, आणि त्याचं चुकत नाही.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे, निदान तीन आठवडे आधी द्या. त्यात प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, घरचा फोन नंबर, गाड्यांचे नंबर, चढायची आणि उतरायची वाट, मुक्कामाची जागा हे सगळं यावं. नवे बोल्ट (दोर अडकवायला कातळात बसवायचे खिळे) ठोकणार की जुनेच वापरणार हे वेगळ्या ओळीत लिहा. ड्रिलचा उल्लेख लपवला की पुढच्या चमूंनाही दार बंद होतं. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, आणि दुसऱ्या बाजूच्या कार्यालयालाही तसाच अर्ज द्या. पैसे घेऊन लोकांना नेत असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडची नोंदणीही लागते.

किल्ल्याचा कडा असेल तर पुरातत्त्व खातं आलं. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तटबंदीत किंवा पायऱ्यांच्या कातळात मेख ठोकणं यात सरळ बसतं.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली गड, धबधबे बंद करतात. पूर्वी हे कलम १४४ होतं. हातात वनखात्याचा परवाना असला तरी असा आदेश मोडता येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी तहसील किंवा पोलीस ठाण्यात फोन करा.

कागदावर न येणारा अडथळा म्हणजे आग्यामोहोळ. पायथ्यावरून दुर्बिणीने पुढे आलेल्या छताखालच्या कपारी तपासा: काळपट, लोंबती, कडेने हलणारी पोळी म्हणजे जिवंत मोहोळ. कर्नाळ्याचा सुळका यासाठी बदनामच आहे. मोहोळ वाटेच्या रेषेत असेल तर तो दिवस सोडा. जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोरावरचा नाही, आणि एका डंखाच्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच येतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, ड्रिल, हे सगळं त्यांना उठवतं. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये डोक्यावर घ्यायची जाळी घडी करून ठेवा. वजन काहीच नसतं.

कपारीखाली कातळावर पांढरे ओघळ दिसले तर वर गिधाडाचं किंवा ससाण्याचं घरटं असू शकतं. लांब चोचीचं गिधाड हिवाळ्यात एकच अंडं घालतं आणि पिल्लू उन्हाळ्यापर्यंत घरट्यात असतं, म्हणजे नेमका चढाईचा हंगाम. तिथून वाट वळवा आणि जागा वनखात्याला कळवा.

उतरल्यावर दोन्ही बाजूंना फोन करून 'सगळे खाली आलो' एवढं कळवा. हा फोन राहिला की रात्री उगाच शोधपथक निघतं, आणि पुढचा अर्ज त्याच टेबलावर जायचा असतो.