समुद्राचं आम्लीकरण आणि किनाऱ्यावरचे जिवाणू: या चुका टाळा

मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी घेऊन आम्लीकरणाचा (पाणी आम्लाकडे झुकण्याचा, म्हणजे पीएच उतरण्याचा) जिवाणूंवर काय परिणाम होतो हे तपासायला दरवर्षी नवी मुलं येतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. सगळ्यात जास्त जीव जळतो तो पहिलीने.

पीएच उतरवायला प्रयोगाच्या टाकीत हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब सोडायचे. पाच मिनिटांत ८.१ चा ७.८ होतो, मुलं खूश! पण समुद्रात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, तेव्हा पाण्यातला अकार्बनी कार्बन (विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट, कार्बोनेट) वाढतो आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) तेवढीच राहते. नुसत्या ॲसिडने अल्कलिनिटी घसरते, कार्बन वाढत नाही. आकडा तोच, पाणी वेगळं. त्या कार्बनवर जगणाऱ्या सायनोबॅक्टेरियांबद्दल (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंबद्दल) मग काय बोलणार? मी हवा आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण रात्रभर बारीक बुडबुड्यांनी सोडते. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी चूक बाटलीची. आमच्या एका मुलीने तीन महिने माहीमच्या खाडीचं पाणी आणलं. बाटली पाऊण भरलेली, मे महिन्याची दुपार, लोकलची गर्दी. पीएच मोजायचा तो लॅबमध्ये पोचल्यावर. एक दिवस मी सोबत गेले आणि काठावरच मोजला: ७.९. लॅबमध्ये तेच पाणी ७.६! सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू उकाड्यात वाटभर श्वास घेत होते, त्यांचाच कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला होता. तीन महिन्यांचे आकडे बाद केले. ती रडली, मलाही वाईट वाटलं. तेव्हापासून पीएच आणि तापमान जागेवरच. कार्बन मोजायची बाटली काठोकाठ, बुडबुडा न ठेवता, त्यात जिवाणू मारायला लगेच मर्क्युरिक क्लोराइड (विषारी आहे, हातमोजे घाला). डीएनएसाठी पाणी वेगळं, बर्फात, त्याच दिवशी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून.

एका टाकीतून भरलेल्या तीन बाटल्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. टाक्याच तीन हव्यात.

‘फक्त ०.१ ने तर उतरला’ असं म्हणू नका. मोजपट्टी लॉगची आहे (एक अंक उतरला की हायड्रोजन आयन दहापट), ८.२ वरून ८.१ म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी जास्त.

आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) ताटलीवर उगवले तेवढेच जिवाणू, असंही धरू नका. बहुतेक तिथे उगवतच नाहीत.

आणि भरती-ओहोटी. ओहोटीला माहीमला हाती येतं ते मिठी नदीचं पाणी, भरतीला समुद्राचं. जुलैत खारटपणाही कोसळतो. जिवाणू त्यानेच बदलतात आणि दोष पीएचला जातो. माझ्या वहीत नमुन्याच्या नंबराआधी भरतीची वेळ असते.