शाळा समितीचं काम पालकांपर्यंत पोचवताना या चुका टाळा

नवी शाळा व्यवस्थापन समिती बसली की पहिले दोन महिने उत्साहाला तोटा नसतो. गट तयार होतात, पोस्टर होतात, सूचनांवर सूचना जातात. मग सभेला जेमतेम नऊ पालक येतात आणि कुणीतरी म्हणतं, "पालकांना काही पडलेलंच नाही." सहा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीत काम केलं आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. बहुतेक वेळा निरोप पोचलेलाच नसतो. पोचला तरी त्यात त्यांच्या लेकराबद्दल काही नसतं.

पाठवलं म्हणजे पोचलं, असं धरून चालणं

एका वर्षी आमच्या चौथीच्या वर्गाला दोन महिने शिक्षकच नव्हते. समितीने गटशिक्षणाधिकारी कार्यालयात हेलपाटे घातले आणि शेवटी आदेश निघाला. मी व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर सगळ्यांना कळवलं आणि निर्धास्त झाले. चार दिवसांनी शाळेत गेले तर मुख्याध्यापकांच्या दाराशी एक आई उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधारची झेरॉक्स आणि दाखल्याचा अर्ज. म्हणाली, "ताई, शिकवायलाच कुणी नाही तर पोराला इथं ठेवून काय करू?"

मी फोन काढून तिला निरोप दाखवायला गेले. माहिती उघडली तर पोचलेल्यांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो, त्यांनाच मिळतो. माझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त पालकांनी तो केलेलाच नव्हता. त्या आईने अर्ज परत पिशवीत ठेवला. पण त्याआधी दोन मुलांचे दाखले गेले होते आणि ती मुलं परत आली नाहीत. ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून जूनमध्ये प्रवेश चालू असताना मी शाळेत बसते. प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये 'शाळा समिती' या नावाने नंबर स्वतः सेव्ह करून देते आणि लगेच एक निरोप पाठवून तो आला का ते बघते. याला दहा-बारा दिवस जातात. नव्या सदस्यांना हे फार वेळखाऊ वाटतं, लिंक टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. त्यांनी एकदा लिंकवरून किती जण आले ते मोजावं.

शिवाय घरातला फोन बऱ्याचदा वडिलांकडे असतो आणि वडील सकाळीच कामावर गेलेले असतात. म्हणून महत्त्वाची गोष्ट मी मुलांच्या वहीतही लिहून पाठवते. शाळा सुटायच्या आधी पंधरा मिनिटं फाटकापाशी जाऊन उभी राहते. आया तिथे आलेल्याच असतात.

कार्यालयीन भाषा

त्या दिवशीचा माझा निरोप असा होता: "समितीच्या सभेतील ठरावानुसार रिक्त पदाबाबत पाठपुरावा करण्यात आला असून सदर पद भरण्यात येत आहे." ज्यांना तो मिळाला, त्यांनाही काही उमगलं नाही. लिहायला हवं होतं: "चौथीला सोमवारपासून नव्या बाई येतायत. मुलांना रोज पाठवा." आता कुठलाही निरोप पाठवण्याआधी मी तो मोठ्याने वाचते. शेजारणीशी असं बोलले नसते, तर पुन्हा लिहिते. वाचता न येणाऱ्यांसाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप, त्याच शब्दांत.

तयार पोस्टर देणारी ॲप मी वापरत नाही. रंगीत चौकटीतली बारीक अक्षरं छोट्या फोनवर दिसत नाहीत.

सत्काराचे, शाल-श्रीफळाचे फोटो टाकू नका. दुरुस्त झालेल्या नळाचा फोटो टाका. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर आधी घरच्यांना विचारा.

पहिल्याच निरोपात वर्गणी मागू नका. आलेलं अनुदान आणि झालेला खर्च मात्र फळ्यावर लिहा. अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे समितीचंच काम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्याच कलमात समितीचे किमान 75 टक्के सदस्य पालक आणि 50 टक्के महिला असाव्यात, असं आहे. तरी सभेची चिठ्ठी वडिलांच्या नावाने जाते आणि वेळ असते सकाळी अकराची, म्हणजे मजुरी बुडवून या. आम्ही चिठ्ठीवर आईचं नाव आधी लिहायला लागलो आणि सभा शाळा सुटण्याच्या वेळेला जोडून घेतली. तेव्हापासून बाकं कमी पडतात.

आणि सभेत कुणी काही विचारलं, तर पुढच्या निरोपाची पहिली ओळ त्याच प्रश्नाच्या उत्तराची असू द्या. ज्याने विचारलं, त्याला मी त्याआधी फोन करते.