किलमार्टिनला कॉटेज घेऊन आठवडाभर राहायचं असेल तर

स्कॉटलंड म्हटलं की सगळे एडिंबरा, लॉक नेस, स्काय असं पाच दिवसांत पळत पळत उरकतात आणि परत आल्यावर आठवतो तो गाडीचा वायपर. आठवडा हातात असेल तर एकच कॉटेज घ्या आणि एकाच दरीत रहा, आणि मला विचाराल तर ती दरी म्हणजे आर्गाइलमधलं किलमार्टिन ग्लेन. गावाच्या आजूबाजूला सहा मैलांत साडेतीनशेच्या वर जुनी ठिकाणं आहेत, त्यातली दीडशेच्या आसपास प्रागैतिहासिक, आणि उघड्यावरची बहुतेक फुकट, मेंढ्यांच्या कुरणातून चालत जायचं की दगडापाशी पोचलात. कुरणाचं फाटक मात्र जसं होतं तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

सीझनमध्ये बऱ्याच कॉटेज शनिवार ते शनिवार अशाच देतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढायच्या आधी कॉटेज बघा. जाहिरातीत लायसन्स नंबर आहे का ते पण बघा, स्कॉटलंडमध्ये आता असं घर भाड्याने द्यायला परवाना लागतो. फोटोंपेक्षा मालकाला तीन गोष्टी विचारा: हीटिंग कशावर आहे, शेगडीची लाकडं भाड्यात धरलीयेत का वेगळी, आणि ओले बूट-कपडे वाळवायला जागा कुठे. तिसरा प्रश्न फालतू वाटेल पण इथे जुलैतही कपडे भिजतात, आणि सकाळी ओल्या बुटात पाय घालायची पाळी आली की मग कळतं.

गाडी हवीच. ग्लासगोहून लॉक लोमंड या तळ्याच्या काठाने, मग ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाचा घाट (नाव खरंच तेच आहे), मग इन्व्हरारी, लॉकगिलपहेड, आणि तिथून किलमार्टिन, न थांबता अडीच तासांच्या आसपास. त्या घाटात पावसात दरड येते, निघायच्या आधी रस्ता चालू आहे ना ते बघून घ्या. आठवड्याचं सामान लॉकगिलपहेडलाच भरा, पुढे दुकानं तुरळक. मोबाईलला रेंज नसते अशा बऱ्याच जागा आहेत, म्हणून मॅप आधीच डाउनलोड करा.

गाडी डावीकडून चालवायची म्हणजे आपल्याला सोपं, पण आतले रस्ते एकाच गाडीपुरते असतात. समोरून कोणी आलं आणि पासिंग प्लेस (गाडी बाजूला घ्यायला रस्त्याकडेला केलेली रुंद जागा) तुमच्या डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर उजवीकडे घुसायचं नाही, तिच्या समोर थांबायचं आणि समोरच्याला त्यात जाऊ द्यायचं. मागे गावातली गाडी चिकटली असेल तर तिलाही असंच पुढे सोडा. आणि फोटो काढायला तिथे पार्किंग करू नका, सगळ्यात जास्त चिडतात ते यावर.

आता काय कधी बघायचं. पहिल्या दिवशी किलमार्टिनचं म्युझियम, त्याशिवाय बाहेरचे ढीग नुसते दगडांचे ढीग दिसतात. मग तिथूनच दरीत उतरा, एका ओळीत दगडांनी रचलेल्या पाच जुन्या समाध्या आहेत. नेदर लार्गी साउथ सगळ्यात जुनी, पाच हजार वर्षांच्या वरची, तिच्या आत वाकून जाता येतं. नेदर लार्गी नॉर्थमध्ये वरून खाली उतरायचं आणि तिथे दगडी पेटीवरचं झाकण बघायचं, त्यावर कुऱ्हाडींची पाती कोरलीयेत. टॉर्च आडवा धरा. समोरून झोत टाकलात तर काहीच दिसत नाही, बाजूने टाकला की एकेक पातं वर येतं, मी तर पहिल्यांदा नुसता सपाट दगड बघून बाहेर आले होते.

हीच गोष्ट आख्नाब्रेकची. तिथे मोठ्या कातळावर वाटीसारखे खड्डे आणि त्यांच्याभोवती कड्यांत कडी कोरलीयेत, काही तर जवळजवळ मीटरभर रुंद. दुपारी गेलात तर वैतागाल, ऊन कलल्यावर जा, जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळतो तेव्हा जेवून निवांत निघालात तरी चालतं. फक्त वारा बघा. वारा पडला आणि ढगाळ असलं की मिज येतात, मिज म्हणजे आपली चिलटंच पण चावणारी आणि ढगाने येणारी, त्यामुळे वारा सुटलेली संध्याकाळ निवडा आणि डोक्यावरची जाळी खिशात ठेवा. गवतातून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना तेही बघा.

डुनॅडचा किल्ला आकाश स्वच्छ असेल त्या दिवसासाठी राखून ठेवा. डाल रिआटा या जुन्या गेलिक राज्याच्या राजांचं हे ठाणं, माथ्यावर खडकात पाऊल कोरलंय, राजा होताना त्यात पाय ठेवायचे म्हणतात. वर दिसतं ती प्रतिकृती आहे, मूळ पाऊल तिच्याखाली झाकलंय, पण चढायचं ते पाऊल बघायला नाहीच, खाली मोइन व्होरची दलदल आणि तिच्यात वळणं घेणारी ॲड नदी दिसते त्यासाठी. कातळ ओला असला की घसरतो.

पावसाच्या दिवशी क्रिनन कॅनॉल. 1801 साली सुरू झाला, नऊ मैल, पंधरा लॉक (हे तळं नव्हे, पाणी वर-खाली करून बोट चढवायचे-उतरवायचे दारांचे कप्पे), किंटायर द्वीपकल्पाला वळसा वाचवायला काढलेला. काठाची वाट सपाट आहे, छत्री घेऊन चाला आणि बोटवाले लॉकच्या दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून कसे ढकलतात ते बघत बसा.

समुद्रासाठी एक अख्खा दिवस किलमोरी नॅपला द्या, रस्ता लांब आणि अरुंद, पण तिथल्या जुन्या चॅपेलवर काचेचं छप्पर घालून आत कोरीव थडगी ठेवलीयेत आणि जवळच वाळूचा किनारा आहे. कॉरिव्रेकनचा भोवरा बघायचा तर बोटीने. जुरा आणि स्कार्बा या बेटांच्या मधल्या खाडीत तो उठतो, उधाणाच्या भरतीला सगळ्यात जोरात, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, तर कॅलेंडर बघून तारीख धरा. आणि बोट आठवड्याच्या सुरुवातीलाच बुक करा, हवेमुळे कॅन्सल होते, मग पुढे ढकलायला दिवस तरी उरतात.