नव्या मेटल अल्बमच्या नावाचा तर्क कसा लढवावा

एखाद्या हेवी मेटल बँडचा नवा अल्बम येणार अशी कुणकुण लागली, की त्याचे नाव काय असेल यावर चाहत्यांचे तर्क सुरू होतात. हे काम मनापासून करणाऱ्यांनी एक नियम सर्वांत आधी पाळावा, असे मला वाटते. हाती लागलेला दुवा अल्बमचा आहे, एखाद्या गाण्याचा आहे की दौऱ्याचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुवा खरा असूनही अंदाज चुकतो, तो बहुधा याच ठिकाणी.

आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या 2021 मधील अल्बमचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. त्या वर्षी जून महिन्यात इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे ‘डाउनलोड’ या संगीत महोत्सवाची छोटी आवृत्ती भरली, तेव्हा तेथे ‘बेलशझार्स फीस्ट’ अशी अक्षरे असलेली पोस्टरे दिसली. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात बेलशस्सर (इंग्रजीत बेलशझार) राजाच्या मेजवानीत अचानक प्रकटलेल्या हाताची बोटे भिंतीवर अक्षरे लिहितात, ती ही कथा. चाहत्यांनी कथा अचूक ओळखली आणि त्यावरून ‘द रायटिंग ऑन द वॉल’ या नावापर्यंतही ते पोहोचले. मात्र 15 जुलैला त्या नावाचे एक गाणे प्रसिद्ध झाले आणि चारच दिवसांनी, 19 जुलैला, अल्बमचे नाव ‘सेनजुत्सु’ असल्याचे जाहीर झाले. पोस्टरांतला संकेत पहिल्या गाण्याचा होता, अल्बमचा नव्हता.

ही चूक टाळता आली असती का? माझ्या मते आली असती, आणि त्यासाठी बँडचा जुना हिशेब मांडणे पुरेसे होते. ‘सेनजुत्सु’ धरून आयर्न मेडनचे 17 स्टुडिओ अल्बम आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत अल्बमच्याच नावाचे एक गाणे आहे. परंतु 2000 पासूनच्या अल्बमांची पहिली सिंगल, म्हणजे अल्बमआधी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेली गाणी, पाहिली, तर वेगळेच चित्र दिसते. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’च्या आधी ‘द विकर मॅन’ आले, ‘डान्स ऑफ डेथ’च्या आधी ‘वाइल्डेस्ट ड्रीम्स’, ‘द फायनल फ्रंटियर’च्या आधी ‘एल डोराडो’ आणि ‘द बुक ऑफ सोल्स’च्या आधी ‘स्पीड ऑफ लाइट’. पहिले गाणे आणि अल्बम यांचे नाव या काळात एकदाही जुळलेले नाही. म्हणून आपल्या आवडत्या बँडचा असा तक्ता आधी वहीत करून ठेवावा: अल्बमचे नाव, शीर्षकगीत आहे की नाही, पहिले सिंगल कोणते आणि घोषणेपासून प्रकाशनापर्यंत किती दिवस गेले.

शब्दांइतकेच लक्ष चित्रांकडेही द्यावे. ‘द रायटिंग ऑन द वॉल’च्या चित्रफितीत एडी, म्हणजे बँडच्या मुखपृष्ठांवर दिसणारे त्याचे बोधचिन्हासारखे पात्र, सामुराईच्या वेशात अवतरतो. ‘सेनजुत्सु’ हा डावपेच, युद्धनीती अशा अर्थाचा जपानी शब्द आहे आणि मुखपृष्ठावरही तोच सामुराई एडी आहे. म्हणजे 15 ते 19 जुलै या चार दिवसांत अल्बमच्या नावाची दिशा सांगणारी खूण सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

दौऱ्याच्या नावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत सुरू झालेला आयर्न मेडनचा ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ दौरा त्या वेळी आपल्याकडच्या चाहत्यांना केवढा जवळचा वाटला होता! पण त्या नावाने आला तो जुन्या गाण्यांचा संग्रह. नवा स्टुडिओ अल्बम 2010 मध्ये अगदी निराळ्या नावाने आला.

काही बँडांच्या बाबतीत गीताचे शब्द बारकाईने ऐकावे लागतात. स्लिपनॉटने ऑक्टोबर 2018 मध्ये ‘ऑल आउट लाइफ’ हे स्वतंत्र गाणे प्रसिद्ध केले. त्यात पुन्हा पुन्हा येणारी ‘वी आर नॉट युअर काइंड’ ही ओळच ऑगस्ट 2019 मधील अल्बमचे नाव ठरली. म्हणून घोषणेपूर्वीच्या वर्षभरात आलेल्या गाण्यांतील घोषवाक्यासारख्या ओळी वेगळ्या लिहून काढाव्यात.

बँडने स्वतः सांगितलेले नाव तरी ताबडतोब खरे धरावे का? मेगाडेथच्या डेव्ह मस्टेनने 2021 मध्ये एका चाहत्यासाठी केलेल्या चित्रफितीत ‘द सिक, द डाइंग... अँड द डेड!’ हे नाव सांगितले आणि पुढे तेच कायम राहिले. उलट टूल या बँडने 2001 च्या आरंभी ‘सिस्टेमा एन्सेफाल’ हे नाव 12 गाण्यांच्या यादीसह जाहीर केले होते आणि ते सर्व बनावट निघाले. इंटरनेटवरील फाइल-देवाणघेवाणीला चकवा देण्यासाठी ही युक्ती होती आणि खरा अल्बम ‘लॅटरलस’ होता. त्यामुळे नाव कोणी सांगितले यासोबतच तसे सांगण्यात बँडचा काय हेतू असू शकेल, हेही वहीत नोंदवावे. प्रत्येक तर्कापुढे तारीख आणि आधार लिहावा, आणि खरे नाव कळल्यावर जुनी नोंद खोडू नये, कारण पुढच्या अल्बमच्या वेळी तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. मेटॅलिकाने 28 नोव्हेंबर 2022 रोजी ‘72 सीझन्स’ हे नाव, पहिले गाणे आणि दौऱ्याच्या तारखा एकाच दिवशी जाहीर केल्या. अशा वेळी वही उघडण्यापूर्वीच उत्तर समोर आलेले असते.